बायकोच्या व्हिसावर

एजंटनं फाईल माझ्या हातातून घेतली, दोन-चार पानं उलटली आणि खुर्ची माझ्या बायकोकडे वळवली. चाकाची खुर्ची होती, वळताना जराशी कुरकुरली. त्यानंतर तो तिच्याशीच बोलत राहिला आणि मी त्याच्या कानाकडे बघत बसलो.

"मॅडम, पेन्शन तुमची आहे, म्हणजे मेन अर्ज तुमचा. सर तुमचे डिपेंडंट. दोघांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा राहते, पण टेन्शन नाही. तुमचा पास झाला की सरांचा त्याच्या मागून होऊन जाते."

सीताबर्डीतलं, आम्ही नुसतं बर्डी म्हणतो त्या बाजारातलं, ते ऑफिस लहान. मागच्या बाकावर एक जोडपं आपल्या पाळीची वाट बघत होतं. त्यातल्या बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. कदाचित पंख्याकडे पाहिलं असेल. पण मला घाम सुटला.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगतो. आमची एकुलती एक मुलगी बँकॉकला असते. तिथल्या एका शाळेत गणित शिकवते, जावईही तिथंच नोकरीला. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस गेले. आम्ही दोघांनी बाळंतपणाला जायचं, नंतरही तिथंच राहून बाळ सांभाळायचं, तिला पुन्हा शाळेत जाऊ द्यायचं, असं ठरलं. फिरायला येणाऱ्यांच्या व्हिसात हे बसत नव्हतं. मग तिनंच शोधून काढलं, की पन्नाशी ओलांडलेल्या निवृत्त माणसाला वर्षभर राहू देणारा व्हिसा तिथं मिळतो. पेन्शन किंवा बँकेतली शिल्लक दाखवायची, तब्येतीचा दाखला, पोलिसांचा दाखला, विमा. आणि त्या निवृत्त माणसाचा जोडीदार स्वतः या नियमांत बसत नसेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून सोबत जाऊ शकतो.

व्हिडिओ कॉलवर तिनं हे समजावलं तेव्हा मी मान डोलावत होतो. माझ्या डोक्यात निवृत्त माणूस मी होतो आणि जोडीदार तिची आई.

"नाही बाबा," मुलगी म्हणाली, "उलटं आहे. पेन्शन आईची आहे ना."

"हो हो, तेच म्हणतो मी," असं मी म्हटलं आणि चहा आणायच्या निमित्तानं उठलो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील उमरेडला हातमागावर विणायचे, आई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायची. तिचा हात थांबला की वडिलांचा माग थांबायचा. पण सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं कधी विचारलं, की घरी विणणारे किती, तर वडील सांगायचे, "एकटाच हावो." आईही काही म्हणायची नाही. मला त्यात काही खटकलं नव्हतं. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र चौकटीत बसवून मागाच्या खोलीत टांगलं. व्यापारी आला की त्याला आधी ते वाचायला लावायचे, मग कापड दाखवायचे. त्या माणसाला घाई असायची. वडिलांना नसायची.

तेव्हापासून माझं नाव डिग्रीशिवाय कुठं लिहिलं गेलं नाही. लग्नपत्रिकेवर, समाजाच्या परिचय पुस्तिकेत, हुडकेश्वरच्या घराच्या पाटीवर. ते घर बायकोनं काढलेल्या कर्जातून झालं. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, सगळे सिस्टर म्हणायचे. मी गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब सांभाळायचो. मालकाच्या मुलांचं आपसात पटलं नाही, पेढीचं शटर पडलं, आणि मी वयाच्या आधीच घरी बसलो. पेन्शन वगैरे काही नाही. वस्तीत कुणीतरी मला 'रिटायर्ड अकाउंट ऑफिसर' म्हणायला लागलं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण खोडूनही काढलं नाही.

म्हणजे बायकोच्या पगारावर, पुढे पेन्शनवर घर चालतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असणं वेगळं आणि चाकाच्या खुर्चीवरच्या पोरानं चारचौघांत बोलून दाखवणं वेगळं.

त्या दिवशी एजंटकडून निघून आम्ही तर्री-पोह्याच्या ठेल्यावर थांबलो. बायकोनं माझ्या प्लेटकडे पाहिलं. पोहे तसेच होते.

"काय झालं जी? थोबाड काहून असं करून राहिले?"

"काही नाही."

"डिपेंडंट लागलं तुमाले."

"लागंल नाही तं काय? नातवाले खेळवाच्या वयात मी डिपेंडंट?"

ती हसली. चमच्यानं तर्रीतला चणा बाजूला काढत म्हणाली, "तो जनगणनेवाला आला होता, आठवते? बाई काय करतात, म्हणून त्यानं इचारलं. तुमी सांगतलं, घरीच असते. मी नाइट करून आतल्या खोलीत पडली होती. आयकून राहिली होती सारं."

"मंग तेव्हाच काहून नाही बोलली?"

"झोप येऊन राहिली होती मले," ती म्हणाली.

मी हसलो नाही. विषय तिथंच संपायला हवा होता. पण मी दोन दिवसांनी तिला न सांगता एकटाच एजंटकडे गेलो. माझा अर्ज स्वतंत्र पाठवा म्हटलं. मीही निवृत्त, मीही पन्नाशीच्या पुढचा.

"सर, पण पेन्शन?"

"बँकेत ठेव आहे माझी."

त्यानं ठेवीचा कागद पाहिला. "कमी पडते सर."

"नोकरीचा दाखला आहे. आणि हे जोडा." मी पिशवीतून प्लास्टिक चढवलेलं डिग्रीचं प्रमाणपत्र काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. "सर, हे कोणी मागितलं नाही आहे."

"मागितलं नसलं तरी जोडा. माणूस कोण आहे ते तर कळलं पाहिजे त्यांना."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तो पोरगा हसू आवरत होता की त्याला कीव येत होती, हे मला आजही सांगता येत नाही. "नाही झालं तर मॅडमच्या सोबतचा चान्स मागं पडंल सर," त्यानं सांगितलं. मी म्हटलं, पाठवा. घरी येऊन बायकोला म्हटलं, दोघांचेही अर्ज सोबत गेले. हे वाक्य खोटं नव्हतं. मी ते तशा रीतीनं बेतलंच होतं.

बायकोचा व्हिसा आला. ज्या दिवशी एजंटनं कळवलं त्याच दिवशी माझ्या बालमित्राचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. तो आमच्या समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष. शाळेपासून आम्ही सोबत, माझ्या वरातीत बँडच्या पुढे सगळ्यात जास्त नाचला तो हाच. मी बोलता बोलता म्हणून गेलो, "व्हिसाचं झालं बरं का आमचं."

'आमचं' म्हटलं. झालं होतं तिचं.

त्यानं वेळ लावला नाही. आमच्या हुडकेश्वरच्या चौकात, भाजीवाल्या बसतात त्याच्या अगदी डोक्यावर, हा भला मोठा फ्लेक्स लागला. फोटो माझा, कुठल्याशा लग्नातला, कोटातला. मागे उडणारं विमान आणि एक उंच लोखंडी मनोरा, जो बँकॉकचा नव्हता. माझ्या नावापुढे बी.कॉम. खाली लाल अक्षरात: 'विदेशात दीर्घ वास्तव्यासाठी सपत्नीक प्रयाण, समाजातर्फे हार्दिक अभिनंदन!' सपत्नीक या शब्दाजवळ एक लहानसा गोल, आणि त्यात बायको. शुभेच्छुकांचे फोटो तिच्यापेक्षा मोठे होते.

ती भाजी घेऊन आली आणि पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली, "मनोरा चांगला आहे." एवढंच.

रविवारी सत्कार ठरला, मंडळाच्या सभागृहात, दुपारच्या जेवणासकट. आदल्या दिवशी, शनिवारी, एजंटचा फोन आला. माझा अर्ज परत आला होता. उत्पन्न दिसत नाही. "आता डिपेंडंटमध्येच टाकावं लागंल सर. पण मॅरेज सर्टिफिकेट पाहिजे, त्याचं भाषांतर पाहिजे, त्याच्यावर शिक्के पाहिजे. मॅडमच्या तिकिटाच्या आत नाही होणार."

मुलीचे दिवस भरत आले होते. बायकोचं तिकीट मागं ढकलता येण्यासारखं नव्हतं. म्हणजे ती एकटी जाणार, आणि बाळाच्या जन्माला मी तिथं नसणार. हे मला फोन ठेवायच्या आतच समजलं. आणि तरी मी रविवारी कोट घातला.

मित्रानं माइक हातात घेतला की सोडत नाही. "माह्या या दोस्तानं," तो म्हणाला, "आपल्या समाजात पहिले बी.कॉम. केलं. तेव्हा आमी ढ होतो, अजूनही आहोच." लोक हसले. "आता तो फॉरेनले चालला. अन् एकटा नाही चालला! वयनीलेही संग घेऊन चालला! नाही तं आजकाल लोकं बायकोले बर्डीलेही नेत नाही!"

टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मी तिथं बोलू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हटलं की समाजाचे उपकार मी विसरणार नाही. मग जरा कष्ट, शिक्षण, वडिलांचा माग वगैरे बोललो. चांगलं बोललो. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळे पुसले.

मग कुणीतरी ओरडलं, "वयनी, दोन शब्द!"

बायको कधी माइकवर बोलली नाही. तिच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातही तिनं फक्त हात जोडले होते. पण ती उठली, माइक जरा लांबच धरला आणि म्हणाली, "मी काय बोलू? धावपळ सारी यायनंच केली. मी तं निस्त्या सह्या केल्या."

सगळे हसले. ती येऊन बसली आणि पदरानं मान पुसली. जेवायला वांग्याची भाजी आणि बुंदी होती. मी दोनदा बुंदी घेतली, कारण वाढणारा थांबत नव्हता आणि मला नाही म्हणायला तोंड उघडायचं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं माझी शाल घडी करून कपाटात ठेवली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "एजंटचा फोन काल मलेही आला होता."

मी खुर्चीत बसलो.

"सर्टिफिकेट लागंल म्हणे. मले वाटलं, तुमी सांगसान. रात्रीही सांगतलं नाही, सकाळीही नाही."

"मंग तिथं तसं काहून बोलली? सह्या केल्या म्हणून?"

"मंग काय बोलाचं होतं? एवढ्या लोकायसमोर?" आता ती वळली. मला वाटलं होतं ती खोट्याबद्दल चिडली असेल, फ्लेक्सबद्दल, त्या गोलातल्या फोटोबद्दल. त्यातलं काहीच नव्हतं. "मले विमानाचं भेव वाटते, तुमाले मालूम नाही का जी? मधात विमान बदलाचं. तिथं सायब इंग्रजीत इचारतीन. वॉर्डातलं इंग्रजी येते मले, बीपी, सलाइन, बेड नंबर. तिथं काय सलाइन सांगू त्यायले? मी म्हटलं, हे हाय ना संग. हे बोलतीन. बी.कॉम. हाय."

शेवटचं ती टोमण्यानं म्हणाली नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं खरंच तसं धरलं होतं. इतकी वर्षं पाटीवर, पत्रिकेवर मी जे मिरवलं, त्याचा खरोखर उपयोग होण्याची वेळ एकदाच आली होती. त्या विमानतळावर, तिच्या शेजारी. आणि ते मी प्लास्टिक चढवून भलत्याच अर्जाला जोडलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"ते तं झालंच," ती म्हणाली. "आता सर्टिफिकेट कसं काढाचं ते पाहा. मी जाच्या आधी माही सही लागंल."

आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. उमरेडच्या गल्लीत मांडव घालून झालेलं लग्न, तेव्हा कोण नोंदवायला जात होतं. आता महापालिकेच्या झोन ऑफिसात लग्नाचा फोटो, पत्रिका आणि लग्नात हजर असलेले तीन साक्षीदार पाहिजे होते. पत्रिका बायकोच्या शालूच्या घडीत निघाली. माझ्या नावापुढे बी.कॉम. होतं. तिच्या नावापुढे काही नव्हतं. ती तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

साक्षीदार म्हणून तिचा भाऊ आला, कामठीहून माझी बहीण यायला तयार झाली. तिसरा कोण? त्या मांडवातली बहुतेक माणसं आता नाहीत. उरला तो मित्रच.

मी त्याच्या दुकानावर गेलो. पलंगपोस-चादरीचं दुकान आहे त्याचं. त्यानं मला पाहून गल्ल्यावरूनच हाक दिली.

"काय बे, फॉरेन रिटर्न! गेला नाही का अजून?"

"साक्षीदार पाहिजे होता एक. लग्नाचा."

"या वयात? कोणाची पोरगी पाहिली बे?"

"माझ्याच लग्नाचा. नोंदणी करायची आहे."

तो हसत होता. मी सांगत गेलो तसा त्याचं हसू हळूहळू मावळलं. पेन्शन तिची, व्हिसा तिचा, मी डिपेंडंट, माझा अर्ज परत आला, सत्काराच्या आदल्या दिवशीच आला. एक गिऱ्हाईक चादर उलगडून बघत होतं, त्याच्यासमोरच सांगितलं. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"म्हंजे भाषणात मी बोललो ते..."

"उलटं होतं."

"अन् तू शाल घेऊन उभा होता."

"हो."

त्यानं गिऱ्हाइकाच्या हातातली चादर घेतली आणि घडी करायला लागला. घडी नीट होती तरी परत उलगडून केली. "सांगाचं ना बे मले," तो म्हणाला. "मी काय तुले हसलो असतो?" मग खरं तेच बोलला, "हसलो असतो. पण फ्लेक्स तरी बरोबर छापला असता."

झोन ऑफिसात तो वेळेच्या आधी येऊन उभा होता. टेबलामागच्या बाईंनी कागद चाळत विचारलं, "इतक्या वर्षांनी नोंदणी कशाला?"

बायकोनं तोंड उघडलं. ती काय सांगणार होती मला माहीत होतं: मुलीकडे जायचंय, एवढंच काहीतरी, मला सांभाळून. मी आधी बोललो. "माझ्या मिसेसला पेन्शन आहे. त्यांना परदेशात राहायचा व्हिसा मिळाला. मी त्यांच्यावर अवलंबून आहे म्हणून मला सोबत जाता येतं. त्याला हे लागतं."

बाईंनी मान वर केली नाही. "इथं सही करा. आडनाव पूर्ण लिहा." बायको पर्समध्ये चष्मा शोधत होती. माझं वाक्य तिनं ऐकलं की नाही, मी नंतर कधी विचारलं नाही.

ती गेली. मी तिला विमानतळावर लागतील ती इंग्रजी उत्तरं मराठी अक्षरांत मोठी मोठी लिहून दिली होती. ती कागद हातात घट्ट धरून आत गेली, वळून पाहिलं नाही, कारण पुढची पाटी वाचायच्या नादात होती. मी काचेबाहेर तिचं डोकं दिसेनासं होईपर्यंत उभा राहिलो. पोचल्यावर तिनं फोन केला. आवाजात नवीनच जोर होता. "सायबानं इचारलं, अलोन? मी म्हटलं, नो, हजबंड कमिंग बिहाइंड. तो माह्या मागं पाहून राहिला!" ती खूप हसली. मीही हसलो.

नात झाली तेव्हा मी घरात एकटा होतो. मोबाइलच्या चौकोनात एक लाल चेहरा आणि त्याच्याभोवती बायकोचे हात. ते हात किती सफाईनं बाळ धरतात ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. अख्खी नोकरी तिनं दुसऱ्यांची बाळं तशीच धरली असणार. बाळानं तिचं बोट पकडलं होतं. मला पकडायला तिथं बोट नव्हतं, आणि त्याचा दोष कोणत्याही देशाच्या कोणत्याही साहेबावर टाकता येत नव्हता.

माझा व्हिसा अजून यायचा आहे. भाषांतर झालं, शिक्के झाले, अर्ज गेला. एजंट म्हणतो होऊन जाईल सर. या वेळी मी डिग्री जोडली नाही.

फ्लेक्स मित्रानं उतरवून टाकला. पण तो वाया गेला नाही. चौकातल्या सांबारवालीनं, कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात, तो मागून घेतला आणि आपल्या दुकानावर उन्हासाठी बांधला. पांढरी बाजू वर, छापील बाजू आत. तिच्यासमोर वाकून भाजी निवडताना मान वर केली की मी दिसतो, कोटातला, उलटा, कपाळाला दोरीचं भोक पाडलेला. बायकोचा गोल एका कोपऱ्यात घडीत गेला आहे.

काल ती सांबारवाली म्हणाली, "काकाजी, गेले नाही का अजून? काकू तं कवाच्या गेल्या."

आधी कुणी विचारलं की मी म्हणायचो, इथली कामं आटपतोय. काल म्हटलं, "मी काकूच्या व्हिसावर जाऊन राहिलो. तिचा मिळाला, त्याच्यावर माझा यायचा आहे."

"म्हंजे काकू नेऊन राहिल्या तुमाले?"

"हो."

तिनं वर, फ्लेक्सकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अन् हेच्यावर तं उलटं लिवलं हाय म्हणे."

"चुकीचं छापलं," मी म्हणणार होतो. शब्द ओठावर होता.

"मीच तसं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"हाव का," ती म्हणाली. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून तिनं ते लगेच सांगितलं, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी सांबाराची जुडी निवडत तिथंच उभा राहिलो. कान तापले होते. पण निघालो नाही, हसणं संपेपर्यंत थांबलो, आणि मग जुडी पिशवीत टाकून घरी आलो.